चोर सोडून संन्याशाला सुळी?

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चे मराठी अनुवादातून वाचन झाले आणि शेवटचा अंक संपल्यावर चांगलाच वाद रंगला. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे, की हा दैवाचा खेळ आहे आणि नाटककाराने ते आरंभीच सांगून टाकले आहे. आम्ही मधल्या वयाच्या मंडळींनी दोन्ही घराण्यांतल्या वडीलधाऱ्यांना दोष दिला. माझ्या अकरावीतल्या मुलीने मात्र सरळ धर्मगुरू लॉरेन्सकडे बोट दाखवले. तेव्हा एक काका म्हणाले, ‘हे तर चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे झाले.’ ती गप्प बसली, पण तिला ते पटलेले नाही. खरा दोषी कोण मानावा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मला आपल्या मुलीचे म्हणणे पटते. काकांची म्हण चपखल आहे हे मात्र मान्य केले पाहिजे, कारण लॉरेन्स हा फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासीच आहे आणि त्याचा हेतू वाईट होता असे नाटकात कोणीही म्हणत नाही. प्रश्न हेतूचा असता, तर तो निर्दोष सुटला असता.

आधी दैवाचे पाहू. आपल्याकडच्या जुन्या नाटकांत नांदी असे, तसे या नाटकाच्या आरंभी चौदा ओळींचे निवेदन आहे आणि त्यात या दोघांचे ग्रह प्रतिकूल असल्याचे सांगितले आहे. ज्येष्ठ सभासदांचा आधार तोच असणार. परंतु नाटकात पुढे दैवाचे नाव कोण, केव्हा घेतो याकडे लक्ष दिले, तर एक गमतीची गोष्ट दिसते. ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबाल्टला, स्वतःच्या तलवारीने मारल्यानंतर पुढच्याच क्षणी रोमिओ ‘मी दैवाच्या हातचे खेळणे झालो’ अशा अर्थाचे उद्गार काढतो. हद्दपार झालेल्या रोमिओला लिहिलेले आपले पत्र मँटुआ या गावी पोहोचलेच नाही हे कळताच लॉरेन्सच्या तोंडून ‘दुर्दैव!’ असा शब्द निघतो. थडग्याच्या तळघरात, बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागली असताना, आपल्याला विरोध करता येणार नाही अशा कोणा थोर शक्तीने आपला बेत उधळला, असे तोच ज्युलिएटला सांगतो आणि लगेच तिथून निघून जातो. म्हणजे जेव्हा जेव्हा कोणाच्या तरी हातून काही घडलेले किंवा राहून गेलेले असते, नेमके तेव्हाच या माणसांना दैव आठवते. याला अपवाद रोमिओचा. ज्युलिएट गेल्याची बातमी ऐकल्यावर तो ताऱ्यांना आव्हान देतो. पण ती बातमीच खोटी आहे, हे त्याच्याखेरीज सगळ्या प्रेक्षागृहाला ठाऊक असते. नाटककाराने दैवाचा पडदा लावला आहे खरा, पण त्यामागची माणसे लपवलेली नाहीत.

वडीलधाऱ्यांवरचा आरोप अधिक भक्कम आहे. रोमिओचे माँटेग्यू आणि ज्युलिएटचे कॅप्युलेट या घराण्यांच्या वैराचे कारण पाचही अंकांत कुठे सांगितलेले नाही. ते जुने आहे एवढेच आपल्याला कळते. स्वतः कॅप्युलेट एका ठिकाणी म्हणतो, की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता पाळणे काही अवघड नाही. आपल्या मेजवानीत मुखवटा घालून आलेला रोमिओ ओळखू आल्यावरही तो त्याला हात लावू देत नाही, उलट चिडलेल्या टिबाल्टलाच दटावतो. म्हणजे वैर मिटवण्याची ताकद त्याच्यात होती, इच्छेला मात्र मुहूर्त सापडला नाही. पुढे हाच मनुष्य चौदा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीला ‘लग्न कर, नाहीतर रस्त्यावर भीक मागून मर’ असे सुनावतो. आरंभी तिला मागणी घालणाऱ्या पॅरिसला त्याने सांगितले होते, की अजून दोन उन्हाळे जाऊ द्या आणि तिची संमती मिळवा. टिबाल्टच्या मृत्यूनंतर सोमवारी रात्री त्याने परस्पर गुरुवारचे लग्न ठरवले, आणि मंगळवारी मुलगी क्षमा मागायला आल्याच्या आनंदात ते बुधवारवर आणले. या एका दिवसाने घात केला हे खरे. कारण ते लग्न टाळण्यासाठी लॉरेन्सने तिला दिलेले मृतवत करणारे औषध एक दिवस आधी घ्यावे लागले आणि रोमिओला धाडलेल्या निरोपाच्या हाती एक दिवस कमी उरला. तरीही कॅप्युलेटविषयी एक गोष्ट विसरता येत नाही. त्याला काहीच माहीत नव्हते. आपली मुलगी विवाहित आहे, तिचा नवरा जिवंत आहे, तिच्या खोलीत औषधाची कुपी आहे, यांपैकी एक अक्षरही त्याच्या कानावर गेलेले नव्हते. तो निष्ठुर बाप आहे. पण ज्या संकटाचा त्याला पत्ताच नाही, ते टाळले नाही म्हणून त्याला दोषी धरता येत नाही.

माझ्या मते जबाबदारी मोजताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : कोणाला किती माहीत होते, आणि माहीत असलेल्याने काही करणे त्याच्या हाती होते का. दाईला लग्न ठाऊक होते, औषध ठाऊक नव्हते. रोमिओचा सेवक बाल्थझार याला मालकाचे प्रेम ठाऊक होते, बेत ठाऊक नव्हता. रोमिओला औषधाचा पत्ता नव्हता आणि ज्युलिएटला पत्राचे काय झाले ते कळण्याचा मार्ग नव्हता. सर्व काही एकाच माणसाला माहीत होते, आणि तो मनुष्य प्रौढ होता, मोकळा होता, गावात त्याच्या शब्दाला मान होता.

लॉरेन्सने लग्न लावले ते दोन घराण्यांचे वैर या संबंधातून मिटेल या आशेने. ही आशा चांगली होती, परंतु गुप्त लग्नाने उघड वैर कसे मिटणार, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला दिसत नाही. जे लग्न दोन्ही घरांना जोडणार, ते दोन्ही घरांना कळायला नको काय? लग्नानंतर तासाभरातच रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि टिबाल्ट मारले गेले आणि रोमिओला हद्दपारीची शिक्षा झाली. त्या रात्री लॉरेन्सने रोमिओला स्वतःवर खंजीर उगारताना प्रत्यक्ष पाहिले. म्हणजे हा तरुण वाईट बातमी ऐकून काय करू शकतो, याविषयी त्याला शंका उरायला नको होती. ‘तू मँटुआला जा, योग्य वेळ पाहून आम्ही तुमचे लग्न जाहीर करू, घरच्यांचा समेट घडवू, अधिपतीची क्षमा मिळवू,’ असे आश्वासन त्याने दिले. ती योग्य वेळ त्याने कधी शोधलीच नाही. दुसऱ्याच दिवशी पॅरिस त्याच्याकडे आपल्या लग्नाचे बोलायला आला, तेव्हाही नाही, आणि ज्युलिएट हातात सुरी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली, तेव्हाही नाही. तेव्हा त्याने दिले ते बेचाळीस तास मृतवत ठेवणारे औषध. एक गुपित झाकण्यासाठी त्याहून मोठे गुपित, आणि तेही तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर.

आता आपल्या मुलीला मुद्दाम दाखवावी अशी एक जागा सांगतो, कारण ती वाचताना सहज निसटते. तिसऱ्या अंकात रोमिओला निरोप देताना लॉरेन्स त्याला वचन देतो, की मी तुझ्या सेवकाला गाठीन आणि इथे घडणारी प्रत्येक चांगली गोष्ट तो तुला वेळोवेळी कळवत राहील. हा सेवक म्हणजे बाल्थझार. रोमिओने त्याला बातमी पोहोचवण्याच्या कामासाठीच मागे ठेवले होते. पाचव्या अंकात बाल्थझार स्वतः तसे बोलून दाखवतो. असे असताना औषधाचा बेत ठरल्यावर लॉरेन्सने पत्र दिले ते कोणाकडे? आपल्याच पंथातल्या जॉन नावाच्या संन्याशाकडे. बाल्थझारकडे तो फिरकलाही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार आहे. परिणाम असा झाला, की ज्याच्याकडे पत्र होते तो गावाबाहेर पडू शकला नाही, आणि ज्याच्याकडे पत्र नव्हते त्याने ज्युलिएटला तळघरात ठेवताना पाहिले आणि तो घोड्यावर बसून तडक मँटुआला गेला.

मँटुआतल्या त्या प्रवेशात बाल्थझार दिसताच रोमिओ विचारतो, धर्मगुरूंचे पत्र आणले नाहीस का? बातमी ऐकून पुरता खचल्यावर तो तेच पुन्हा विचारतो, त्यांचे काहीच पत्र नाही? सेवक नाही म्हणतो आणि रोमिओ ‘असू दे’ म्हणून विष शोधायला निघतो. ज्या उतावळ्या मुलाला सगळे दोष देतात, त्याने दोनदा पत्राची चौकशी केली होती. दोन ओळींचा निरोप या सेवकाच्या हाती असता, तर नाटक तिथेच संपले असते, आणि बहुधा सुखांतिका म्हणून संपले असते.

लॉरेन्सच्या वागण्यात स्वतःच्या बचावाचा भाग किती होता? नाटकात ही शंका घेते ती स्वतः ज्युलिएट. औषध ओठांना लावण्यापूर्वी तिच्या मनात येते, की हे विष तर नसेल? आपणच पहिले लग्न लावल्याचे उघड होऊन बदनामी होऊ नये म्हणून या धर्मगुरूने मला मारायचे तर ठरवले नसेल? लगेच ती स्वतःला समजावते, की हा सज्जन मनुष्य आहे. तो मारेकरी नव्हता, पण दुसरे लग्न लावणे त्याला धर्माने अशक्य होते आणि पहिले लग्न कबूल करणे त्याला भीतीने अशक्य झाले होते, ही अडचण तिने बरोबर ओळखली होती. बुधवारी सकाळी कॅप्युलेटच्या घरात आक्रोश चालू असताना, मुलगी जिवंत आहे हे ठाऊक असलेला हाच मनुष्य तिच्या आईबापांना मृत्यूविषयी प्रवचन देतो. तो प्रवेश वाचताना मला दर वेळी त्याचा राग येतो.

शेवटी तळघर. ‘सावकाश आणि विचाराने, जे धावतात ते ठेचकाळतात,’ असे रोमिओला शिकवणारा लॉरेन्स त्या रात्री कबरींमधून धावत येतो, आणि आपले म्हातारे पाय किती वेळा अडखळले म्हणून स्वतःच कुरकुरतो. शेक्सपिअर असे टोले फार हळू आवाजात मारतो. ज्युलिएट जागी होते. शेजारी रोमिओ मेलेला, पलीकडे पॅरिस मेलेला. लॉरेन्स तिला सांगतो, चल, तुला एखाद्या मठातल्या भगिनींकडे ठेवतो. आणि बाहेर आवाज येताच, मला आता थांबवत नाही, असे म्हणून तिला एकटीला तिथे सोडून जातो. आधीच्या चुका अंदाज चुकल्यामुळे झाल्या असे म्हणता येईल. या एका क्षणी त्याला अंदाज बांधायचा नव्हता, फक्त तिथे थांबायचे होते.

आपल्या काकांचा मान राखून एवढे सांगावेसे वाटते, की त्यांच्या म्हणीतला संन्यासी निरपराध असतो. हा तसा नाही. मात्र त्याला सुळी द्यावी, असे मलाही वाटत नाही. पकडला गेल्यावर तो सगळे सांगतो आणि माझी चूक असेल तर कायद्याची कठोरातली कठोर शिक्षा द्या, असे म्हणतो. (‘मी थोडक्यात सांगतो’ अशी सुरुवात करून तो चाळीसेक ओळी बोलतो, हे सोडून देऊ.) त्या निवेदनातही ज्युलिएट माझ्याबरोबर यायला तयार झाली नाही हे तो सांगतो, आपण तिला सोडून का गेलो हे सांगताना मात्र एका आवाजाने घाबरल्याचा ओझरता उल्लेख करतो.

प्रश्न : पत्र नेणारा संन्यासी प्लेगमुळे अडकतो, हा मला अगदी ओढूनताणून आणलेला योगायोग वाटतो. एवढी मोठी शोकांतिका एका न पोहोचलेल्या पत्रावर उभी करणे ही नाटककाराची कमजोरी नाही का? आणि योगायोगाने घडले असेल, तर जबाबदारीचा प्रश्न उरतोच कुठे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : त्या काळच्या प्रेक्षकाला तो ओढूनताणून आणलेला वाटण्याची शक्यता नव्हती. प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे 1592 ते 1594 या काळात बराच वेळ बंद होती, आणि हे नाटक त्यानंतर लवकरच लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोग्याच्या घराचे दार बाहेरून बंद केले जाणे हा समोर बसलेल्या माणसांचा अनुभव होता. 2020 साली आपल्यापैकी अनेकांनी आपल्याच इमारतीच्या फाटकावर अडसर पाहिला आहे. त्यांनाही हा प्रसंग आता पूर्वीसारखा कृत्रिम वाटू नये.

प्लेगची कल्पना शेक्सपिअरची नव्हे. त्याच्यासमोर आर्थर ब्रुक याचे 1562 सालचे दीर्घ इंग्रजी काव्य होते आणि त्यातही पत्र प्लेगमुळेच अडते. परंतु शेक्सपिअरने त्यात एक बदल केला, आणि आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मला त्या बदलात दिसते. काव्यातला जॉन मँटुआला पोहोचतो आणि तिथल्या मठात अडकून पडतो. नाटकातला जॉन व्हेरोना, म्हणजे ही दोन्ही घराणी राहतात ते गाव, सोडतच नाही. पंथाच्या रिवाजाप्रमाणे प्रवासाला सोबती हवा म्हणून तो रोग्यांची सेवा करणाऱ्या एका बांधवाला शोधायला जातो, आणि तपासनीस त्या दोघांना घरासकट बंद करतात. म्हणजे लॉरेन्स आपल्या मठात निश्चिंत बसला होता तेव्हा त्याचे पत्र त्याच गावात, काही गल्ल्या पलीकडे, पडून होते. जॉनला ते परत पाठवता आले नाही, कारण संसर्गाच्या भीतीने कोणी निरोप्या मिळेना. पण लॉरेन्सने चौकशी केल्याचाही कुठे उल्लेख नाही. जॉन परत आल्यावर लॉरेन्स त्याला सांगतो, की ते पत्र साधेसुधे नव्हते, फार महत्त्वाचे होते. हे वाक्य वाचून माझा असा समज झाला आहे, की पत्र हाती देताना त्याने हे सांगितलेच नसावे.

दार बंद झाले हा योगायोग खरा. पण ज्या बेतात एक दार बंद होताच दोन माणसे मरतात, तो बेत कोणीतरी तसा आखलेला असतो. चार माणसांना ठाऊक असलेला निरोप एका दाराने अडत नाही. म्हणून मी याला नाटककाराची कमजोरी मानत नाही. ती त्या बेताची कमजोरी आहे, आणि ती दिसावी म्हणूनच प्लेग व्हेरोनात आणला गेला असावा.

प्रश्न : नाटकाच्या शेवटी काहींना क्षमा होईल आणि काहींना शिक्षा, असे अधिपती म्हणतो, पण कोणाला ते सांगत नाही. रोमिओला विष विकणाऱ्या औषधविक्याला तरी शिक्षा व्हायला नको होती का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आपण ज्या शिक्षेबद्दल विचारता, ती वर उल्लेख केलेल्या ब्रुकच्या काव्यात प्रत्यक्ष दिलेली आहे. तिथे ज्युलिएटच्या दाईला लग्न लपवल्याबद्दल म्हातारपणी हद्दपार केले जाते. रोमिओच्या नोकराने मालकाची आज्ञा पाळली म्हणून त्याला सोडून देतात. औषधविक्याला फाशी होते. तेच लग्न लावणारा आणि लपवणारा लॉरेन्स मात्र त्याच्या पूर्वीच्या सेवेची आठवण ठेवून पूर्ण मुक्त होतो, आणि स्वतःहून गावाबाहेरच्या आश्रमात जाऊन पाच वर्षांनी मरतो. शिक्षेची ही उतरंड पाहिली, तर ज्याची पायरी खालची त्याच्यावर वार अधिक जोराचा, असे दिसते. काव्याच्या प्रस्तावनेत ब्रुकने आईबापांचे न ऐकणाऱ्या प्रेमिकांना आणि त्यांना सल्ले देणाऱ्या दाया व धर्मगुरूंना झोडपले आहे. प्रत्यक्ष निकालात धर्मगुरू सुटला तो सुटलाच.

शेक्सपिअरने हा तयार निकाल समोर असूनही घेतला नाही. त्याचा अधिपती एस्कलस ‘काहींना क्षमा, काहींना शिक्षा’ एवढेच म्हणतो आणि नाटक संपते, त्यामुळे निवाडा आपल्यावर येतो. वर मिरजेच्या मंडळींनी वाद घातला तो म्हणूनच. एस्कलस स्वतःलाही सोडत नाही हे लक्षात घ्या. पहिल्या अंकात त्याने दंगा करणाऱ्याला देहदंडाची धमकी दिली होती, ती पुढे पाळली नाही. तुमच्या भांडणांकडे डोळेझाक केल्यामुळे माझेही दोन आप्त गेले, अशी कबुली तो देतो. ते दोन आप्त म्हणजे मर्क्युशिओ आणि पॅरिस. सत्ताधाऱ्याने आपली चूक अशी चारचौघांत मान्य करणे नाटकातही क्वचितच दिसते. लॉरेन्सला मात्र तो ‘आम्ही तुम्हाला नेहमीच साधुपुरुष मानत आलो’ एवढ्यावर मोकळा करतो. हा निकाल मला मान्य नाही, हे वरच्या उत्तरावरून कळलेच असेल.

औषधविक्याचे म्हणाल, तर मँटुआत विष विकणाऱ्याला मृत्युदंड होता आणि ते त्याला पक्के ठाऊक होते. त्याने आधी नकारच दिला. रोमिओने चाळीस सोन्याची नाणी पुढे केली, त्याच्या खपाटीला गेलेल्या गालांकडे आणि अंगावरच्या चिंध्यांकडे बोट दाखवले, आणि हे जग तुझे मित्र नाही, जगाचा कायदाही तुझा मित्र नाही, असे ऐकवले. तेव्हा तो म्हणतो, की ही संमती माझ्या दारिद्र्याची आहे, माझ्या इच्छेची नाही. रोमिओ उत्तर देतो, की मी पैसेही तुझ्या दारिद्र्यालाच देतो आहे. आणि या सौद्यात खरे विष मीच तुला दिले, कारण सोने हे माणसाच्या आत्म्याला तुझ्या पुड्यांपेक्षा अधिक घातक असते. आपल्या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग या संवादात आहे. तो दोषी आहे, याबद्दल त्यालाही शंका नाही. परंतु तो नसता तर रोमिओच्या कमरेला खंजीर होताच, आणि ज्युलिएटला पुढे तोच पुरला.

शेवटच्या प्रवेशात सगळे गोळा होतात : अधिपती, दोन्ही बाप, पहारेकरी, बाल्थझार, पॅरिसचा सेवक, रडणारा लॉरेन्स. कॅप्युलेट आणि माँटेग्यू हात मिळवतात आणि एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याच्या गोष्टी करू लागतात. तिथेही कोणाचा पुतळा अधिक मोलाचा, याची थोडी चढाओढ ऐकू येते. लॉरेन्सच्या हकिकतीत औषधविक्याचा उल्लेख नाही, कारण त्याला तो ठाऊकच नाही. रोमिओने आपल्या वडिलांना लिहिलेल्या पत्रात मात्र त्याचा उल्लेख सापडतो, आणि अधिपती ते सर्वांदेखत सांगतो : एका गरीब औषधविक्याकडून विष घेतले. त्याला पकडून आणण्याची आज्ञा कोणी देत नाही. आपण त्याला शेवटचे पाहिलेले असते ते मँटुआतल्या त्याच्या बंद दुकानाच्या दारात, हातात सोने घेतलेला. रोमिओ त्याला सांगून निघतो, की अन्न विकत घे, आणि अंगावर थोडे मांस चढू दे.